उन्हाळ्यातली अंगमेहनत आणि व्यायाम: आदल्या रात्रीपासून पुन्हा कामावर येईपर्यंत काय, कधी, कोणत्या क्रमानं

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. एप्रिलमध्ये शहराचं सरासरी कमाल तापमान ३६ अंशांच्या आसपास असतं. त्यामुळे ‘आपल्याकडं कुठं विदर्भासारखं ऊन’ हा समज पक्का बसला आहे. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार हवामान खातं ४० अंशांपासून पुढं करतं आणि शहराचा पारा तिथं क्वचितच जातो. म्हणून इशारा येत नाही, आणि इशारा नाही म्हणजे धोका नाही असं सगळे धरून चालतात.

इथंच चूक होते. शरीर फक्त उन्हानं तापत नाही, ते कामानं आतून तापतं. स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा जवळपास तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणूनच छपराखालच्या फौंड्रीत, सकाळच्या मैदानावर किंवा ढगाळ दुपारी स्लॅबवरही माणूस कोसळतो. बहुतेक ठिकाणी तहान लागली की पाणी, चक्कर आली की सावली आणि माणूस पडला की गाडी असा क्रम चालतो. तिन्ही गोष्टी उशिराच्या आहेत. खालचे टप्पे टोळीचा मुकादम, बांधकामाचा मिस्त्री, शेतमालक, वस्ताद आणि स्वतःच्या जोरावर सराव करणारी पोरं या सगळ्यांसाठी आहेत.

## टप्पा १: आजची हवा कोरडी की दमट, हे आधी ठरवा

नुसता तापमानाचा आकडा बघून काम ठरवू नका. आपल्या जिल्ह्यात दोन प्रकारचा उन्हाळा असतो आणि दोन्हींत चुका वेगळ्या होतात.

अथणी, रायबाग, गोकाक, रामदुर्ग या पूर्वेकडच्या तालुक्यांत हवा कोरडी असते. तिथं घाम आला तसा सुकतो, अंग कोरडं दिसतं आणि ‘मला फारसा घाम येत नाही’ असं वाटतं. पाणी मात्र शरीरातून जातच असतं. कपड्यावर पांढरे मिठाचे डाग पडले असतील तर घाम भरपूर गेला आहे.

खानापूर आणि बेळगावचा पश्चिम भाग, आणि वळीव झाल्यानंतर जवळपास सगळीकडेच, हवा दमट होते. घाम निथळतो, पण सुकत नाही. अंग थंड होतं ते घाम सुकल्यानं. नुसता गळलेला घाम वाया जातो. सावलीतलं तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर शरीराला ते ४१ अंशांसारखं जाणवतं. थेट ऊन असेल तर त्यात आणखी आठ अंशांपर्यंत भर पडू शकते. वळिवाच्या दुसऱ्या दिवशी पारा दोन अंशांनी उतरलेला दिसतो आणि कामाचा जोर वाढवला जातो. तोच दिवस जास्त जपायचा.

मोबाइलवरच्या हवामानात तापमानाखाली ‘जाणवणारं तापमान’ दिलेलं असतं. सकाळी निघताना तो आकडा बघा, आणि दुपारी दोन वाजता किती होणार आहे तेही बघा.

## टप्पा २: आज कोणाला जड काम द्यायचं नाही, ते सकाळीच विचारा

हजेरी घेताना प्रत्येकाला चार प्रश्न विचारायचे: काल ताप, जुलाब, उलटी झाली का? रात्री झोप झाली का? रात्री दारू झाली का? कुठली गोळी चालू आहे का?

जुलाब झालेल्या माणसाच्या अंगात पाणी आधीच कमी असतं. ताप असलेला माणूस आधीच तापलेला असतो. रात्रीच्या दारूनं सकाळपर्यंत लघवीवाटे पाणी गेलेलं असतं. या तिघांना त्या दिवशी सावलीतलं हलकं काम द्या.

रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही हृदयाची गती वाढू देत नाहीत. सर्दीच्या आणि मानसिक आजारांच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. अशा माणसानं गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. उन्हात काम आहे हे डॉक्टरांना सांगून विचारून घ्यायचं. गरोदर बाई, साठीच्या पुढचे गडी आणि वजन जास्त असलेले लोक यांना कामाचा वेग कमी ठेवू द्या.

पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या मजुरांचा वेगळा विचार हवा. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवतं तेव्हाच दुसऱ्या दिवशीचं काम झेपतं. पत्रा रात्री उशिरापर्यंत तापलेला असेल तर ते निवतच नाही. पत्र्यावर ओली पोती किंवा उसाचा पाला टाका, समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी ठेवा आणि जमेल तिथं बाहेर झोपायची सोय करा.

## टप्पा ३: पहिला आठवडा कमी कामाचा

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष याच टप्प्याकडं होतं. उन्हातल्या कामावर दगावणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतल्या माणसांचं प्रमाण फार मोठं असतं. कारण साधं आहे: शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यात मीठ कमी जातं आणि त्याच कामाला हृदयाला कमी ठोके मारावे लागतात. ही सवय पाणी पिऊन किंवा गोळी घेऊन होत नाही, उन्हात थोडं-थोडं काम वाढवूनच होते.

नवा माणूस: पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्के, मग रोज २० टक्के वाढ. पाचव्या दिवशी पूर्ण काम. आठ तासांची पाळी असेल तर पहिल्या दिवशी दीड-पावणेदोन तास जड काम, उरलेला वेळ सावलीत.

जुना माणूस सुट्टीवरून आला तर: पहिल्या दिवशी ५० टक्के, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८०, चौथ्या दिवशी पूर्ण. आठवडाभर काम सुटलं की सवय उतरू लागते. जत्रा, लग्न किंवा आजारपण उरकून आलेला अनुभवी गडी म्हणूनच फसतो. ताकद तीच असते, सवय गेलेली असते.

कंपनीत वातानुकूलित खोलीत बसणारा मुलगा मे महिन्यात सुट्टीला गावी येतो आणि धूळवाफ पेरणीच्या (पावसाआधी कोरड्या मातीत केलेल्या पेरणीच्या) आधीच्या मशागतीला पहिल्याच दिवशी सकाळपासून उभा राहतो. तो कितीही धडधाकट असला तरी नवाच माणूस.

> सावधान: अंगावर काम घेतलेल्या टोळीत नव्या माणसाला ‘मागं पडतोस’ म्हणून हिणवलं जातं आणि तो न थांबता ओढत राहतो. पहिल्या पाच दिवसांची मजुरी रोजावर द्या, कामाच्या मापावर नको.

## टप्पा ४: आदल्या संध्याकाळची तयारी

पिण्याचं पाणी मोजून न्या. जड कामाला माणशी ताशी पाऊण लिटर धरा. बारा जणांची टोळी, सहा तासांचं काम, म्हणजे ५४ लिटर. वीस लिटरचे तीन जार भरून न्या. ‘तिथं बोअर आहे’ यावर विसंबू नका; थ्री फेजची वीज कधी येईल त्यावर माणसांची तहान ठेवता येत नाही.

पाणी कामापासून हाकेच्या अंतरावर ठेवा. माठ बांधावरच्या आंब्याखाली आणि माणसं फडाच्या आत दोनशे मीटरवर असतील तर कोणी उठून जात नाही. जार डोक्यावर घेऊन फिरणारा एक माणूस ठेवला तर ती मजुरी वाया गेली असं समजू नका.

वेगळं शंभर लिटर पाणी अंगावर ओतण्यासाठी. एक पिंप, एक मोठी ताडपत्री, दोन जुन्या चादरी आणि दोन तांबे. ही सामग्री सावलीत ठेवायची आणि दुसऱ्या कशाला वापरायची नाही. जवळ बर्फ मिळत असेल तर कुठल्या दुकानात, हे विचारून ठेवा.

बायांसाठी आडोसा. शेतात किंवा बांधकामावर लघवीची सोय नसेल तर बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग बाकीची सगळी तयारी त्यांच्यासाठी फुकट जाते. चार बांबू आणि एक ताडपत्री लावली तरी भागतं, पण ते पहिल्या दिवशीच लावा.

कपडे. सैल, फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. साडीवर बाया पुरुषाचा सदरा घालतात ते चांगलंच, फक्त तो नायलॉनचा किंवा टेरिकॉटचा नसावा. डोक्याला पंचा बांधा आणि त्याचा पदर मानेवर सोडा. पंचा दर अर्ध्या तासानं ओला करा.

> तपासणी: सकाळी पहिल्या लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद असेल तर रात्रीच पाणी कमी पडलं आहे. घरातून निघण्याआधी दोन तासांत अर्धा लिटर पाणी प्या. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर रंगावर जाऊ नका.

## टप्पा ५: वेळा ठरवा

सकाळी सहाला सुरुवात, अकराला जड काम बंद, चारनंतर पुन्हा सुरुवात. यात बहुतेकजण तीनला उठतात, कारण ऊन कललेलं दिसतं. पण जमीन तापून हवा तापायला वेळ लागतो. हवेचं तापमान बारा वाजता नव्हे, साधारण दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं. तीनला उठणं म्हणजे नेमक्या चुकीच्या वेळी उठणं.

सवय झालेल्या माणसांसाठी, थेट उन्हातल्या जड कामाचा ठोकताळा असा धरा: सावलीतलं तापमान ३२ च्या पुढं गेलं की पाऊण तास काम आणि पाव तास सावली. ३५ च्या पुढं अर्धा तास काम, अर्धा तास सावली. ३८ च्या पुढं उन्हातलं जड काम बंद. हवा दमट असेल तर एक पायरी वर चढा, म्हणजे ३२ लाच ३५ चा नियम लावा.

विश्रांती खरी हवी. ट्रॉलीच्या सावलीत उकिडवं बसून कोयत्याला धार लावणं ही विश्रांती नव्हे. पंचा सोडा, सदऱ्याची बटणं उघडा, हातापायांवर पाणी घ्या, वारा लागेल असं बसा.

## टप्पा ६: काय प्यायचं, किती, कधी

दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिली. तहानेची वाट बघू नका. तहान लागते तोवर पाणी बरंच कमी झालेलं असतं. जोडीनं काम करणाऱ्यांनी एकमेकांना आठवण करायची.

एकदम तांब्याभर पाणी ढोसू नका. ताशी दीड लिटरच्या वर कधीच जाऊ नका. घामातून मीठ जातं आणि वरून नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं ऊन लागलं, म्हणून आणखी पाणी पाजतात. सतत पाणी पिऊन पोट डबडबलेलं, लघवी पाण्यासारखी बिनरंगाची आणि तरी माणूस गोंधळलेला असेल तर पाणी थांबवा आणि दवाखाना गाठा.

तासाभराच्या कामाला साधं पाणी पुरतं. दोन तासांच्या वर घाम गळत असेल तर मीठही आत जायला हवं. नाचणीची आंबील आणि मीठ घातलेलं पातळ ताक आपल्याकडं घरोघरी असतं आणि दोन्ही या कामाला उत्तम. सकाळी नऊला एक मोठा पेला आंबील, सोबत कांदा-भाकरी, ही न्याहारी चुकवू नका. दोन गोष्टी पाळा: कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आंबील नेऊ नका, आणि उन्हात राहिलेली आंबील दुपारनंतर पिऊ नका. ती आंबून जुलाब झाले तर फायद्याऐवजी तोटा.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून पिणं ही नेहमीची चूक. ते फार खारट होतं, मळमळ वाढवतं. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. जिभेला अश्रूंपेक्षा खारट लागलं तर टाकून द्या आणि पुन्हा करा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून ठेवा.

मिठाच्या गोळ्या नकोत. थंड बाटलीबंद गोड पेयं आणि एनर्जी ड्रिंक पाण्याऐवजी नकोत. चहा एखाद-दुसरा कप चालेल. खिशात ठेवलेला कांदा काहीच करत नाही. तो खाल्ला तर पोटाला बरा, एवढंच.

> तपासणी: आठवड्यातून एकदा कामाआधी आणि कामानंतर घाम पुसून वजन करा. ६० किलोच्या माणसाचं १.२ किलोपेक्षा जास्त घटलं, म्हणजे दोन टक्क्यांहून अधिक, तर पाणी कमी पडतं आहे. प्रत्येक किलोमागं पुढच्या काही तासांत थोडं-थोडं करून दीड लिटर भरून काढा, जेवणासोबत.

## टप्पा ७: कामाप्रमाणं वेगळी काळजी

उसाचा फड. उभ्या उसात वारा शिरत नाही. फडाच्या कडेचा माणूस आणि आतला माणूस यांची हवा वेगळी असते. तोडणी आणि मोळी वाहणं आळीपाळीनं करा, कारण मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणं हे यातलं सर्वांत तापवणारं काम आहे. ट्रॉली भरण्याचं काम शक्यतो सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी ठेवा.

स्लॅब. काँक्रीट मध्येच थांबवलं तर सांधा पडतो, म्हणून दुपार झाली तरी माणसं रेटली जातात. उपाय आदल्या दिवशीच करायचा. वाळू, खडी, सिमेंट मिक्सरजवळ आणून ठेवा, सेंट्रिंग आणि सळईची तपासणी आदल्या संध्याकाळी उरका. पहाटे उजाडताच पहिलं घमेलं वर जायला हवं. स्लॅब मोठा असेल तर दोन टोळ्या लावा. मिक्सर भरणारे, घमेली चढवणारे आणि वर पसरणारे यांनी दर अर्ध्या तासानं जागा बदलायच्या. मिक्सरवर गोण्या फोडणारा आणि जिन्यावरचा माणूस सर्वांत लवकर थकतात. वर एक कोपरा ताडपत्रीनं झाकून पाणी तिथंच ठेवा. क्युरिंगच्या पिंपातलं पाणी पिण्यासाठी नाही.

फौंड्री. उद्यमबाग, मच्छे भागातल्या भट्ट्यांवर उन्हाळ्यात दोन्हीकडून उष्णता येते. इथं वर सांगितलेला ओल्या पंचाचा नियम उलटा आहे: वितळलेल्या धातूजवळ ओला कपडा अंगावर नको. ओल्या कापडाची वाफ होऊन भाजतं आणि पाणी धातूत पडलं तर तो उसळतो. पाण्याचा जार, अंग ओलं करणं, तोंड धुणं हे सगळं ओतकामापासून लांब, वेगळ्या जागी ठेवा. आतले कपडे सुतीच हवेत. कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. मोठा पंखा भट्टीवरून माणसाकडं वारा फेकत असेल तर तो त्याला तापवतो. पंखा माणसाच्या पाठीकडून, बाहेरची हवा आत घेईल असा लावा. भट्टीसमोरच्या माणसाला ठराविक वेळानं बदली द्या. पाळी संपेपर्यंत एकच माणूस उभा ठेवू नका.

वीटभट्टी, तंबाखूची वखार. वखारीत वारा नसतो आणि धूळ असते. तंबाखूची ओली पानं हाताळल्यावरही मळमळ, चक्कर, उलटी होते, ती निकोटिन कातडीतून शिरल्यानं. असं झालं तर हात-पाय साबणानं धुवा, कपडे बदला आणि उष्णतेचा उपचारही सोबत करा. कारण कोणतं याच्या वादात वेळ घालवू नका.

तालीम आणि भरतीचा सराव. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि सीमाभागातल्या गावागावांत पोरं सैन्यभरतीसाठी पळतात. इथं होणाऱ्या चुका जीवघेण्या आहेत, म्हणून थोडं थांबून वाचा.

१६०० मीटर पूर्ण जोरात पळताना शरीर काही मिनिटांतच तापतं. ‘पाच-सहा मिनिटांचं तर काम’ म्हणून ऊन सोसेल असं नाही. सकाळी सहा ते साडेसातच्या आत मुख्य सराव संपवा. भरती दुपारी होण्याची शक्यता असेल तर शेवटचे दोन आठवडे एक हलका सराव थोड्या उन्हात घ्या, टप्पा ३ च्या प्रमाणात वाढवत. भरतीच्या रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागतं. एक लिटर पाणी, ओआरएसचं पाकीट आणि टोपी सोबत ठेवा. लघवी लागेल म्हणून पाणी बंद करू नका. जोर यावा म्हणून विकली जाणारी इंजेक्शनं आणि गोळ्या शरीराचं तापमान वाढवतात आणि थकवा जाणवू देत नाहीत, म्हणजे थांबायची सूचनाच बंद पडते.

वजनगटात बसण्यासाठी रेनकोट किंवा प्लास्टिक घालून पळणं, बंद खोलीत जोर-बैठका मारणं, पाणी तोडणं हे पैलवानांनी पूर्ण सोडावं. घटतं ते पाणी, चरबी नव्हे. वजन आठवड्यांच्या आहारानं उतरवा.

नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शेकड्यांनी बैठका मारायला लावू नका. उष्णतेत स्नायू फुटतात, त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. मांड्या दगडासारख्या कडक आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली तर मालिश करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. अंगदुखीच्या गोळ्याही घेऊ नका. पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात.

## टप्पा ८: बिघाड ओळखा

पोटऱ्यांत, पोटात गोळे येणं: काम थांबवा, सावली, ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक, स्नायू हळू ताणा. त्या दिवशी जड काम बंद. तासाभरात थांबलं नाही तर डॉक्टर.

घेरी, डोकेदुखी, मळमळ, प्रचंड थकवा, थंड चिकट घाम, पण बोलणं नीट: आडवं झोपवा, पाय थोडे उंच, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, घोट-घोट ओआरएस. अर्ध्या तासात उतार नसेल किंवा उलट्या थांबत नसतील तर दवाखाना. माणसाला एकट्याला घरी पाठवू नका.

बोलणं-वागणं बदलणं: असंबद्ध बोलणं, उगाच चिडणं, भांडणं, झोकांड्या, ओळख न पटणं, झटका (आकडी), बेशुद्धी. हा उष्माघात. इथं घामावरून ठरवू नका. ‘उष्माघातात घाम थांबतो’ हे वाचून लोक घामानं भिजलेल्या माणसाला सोडून देतात. कामातून किंवा व्यायामातून झालेल्या उष्माघातात अंग घामानं ओलं असू शकतं.

> तपासणी: तीन प्रश्न विचारा: तुझं नाव काय, आज वार कोणता, आपण कुठं आहोत? एक जरी उत्तर चुकलं किंवा अडखळलं तर थर्मामीटर शोधत बसू नका, टप्पा ९ सुरू करा. काखेतला थर्मामीटर अशा वेळी खरं तापमान दाखवत नाही.

## टप्पा ९: आधी थंड करा, मग न्या

शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर किती वेळ राहतं त्यावर मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडांचं नुकसान ठरतं. पहिल्या अर्ध्या तासात ते उतरवायचं असतं. खानापूरच्या आतल्या गावातून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचायलाच त्याहून जास्त वेळ जातो. म्हणून माणसाला तसाच जीपमध्ये घालून पळवणं ही सर्वांत मोठी चूक.

१. एकानं १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला लागायचं. सीमेलगत मोबाइलला पलीकडचा टॉवर लागू शकतो आणि १०८ महाराष्ट्रात आणि गोव्यातही आहे. म्हणून आधी राज्य, मग जिल्हा, तालुका, गाव आणि जवळची खूण सांगा. फोनवर कन्नड नीट बोलणारा टोळीत कोण, हे आधीच ठरलेलं असू द्या.

२. सावलीत आणा, वरचे कपडे काढा, श्वास चालू आहे का बघा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा, ते आधी.

३. ताडपत्रीवर झोपवा. चार-सहा जणांनी कडा उचलून धरा म्हणजे खोलगट भाग होतो. त्यात पाणी ओता, डोकं आणि तोंड पाण्याबाहेर, एका माणसानं सतत धरलेलं. बर्फ असेल तर पाण्यात टाका आणि पाणी हलवत राहा. ताडपत्री नसेल तर अंगावर सतत पाणी ओता, ओल्या चादरी बदलत राहा आणि जोरात वारा घाला. मोटरच्या पाइपनं पाणी घालत असाल तर आधी पाइपातलं उन्हानं तापलेलं पाणी बाहेर सोडा. ते चटका बसण्याइतकं गरम असतं.

४. विहिरीत, कालव्यात किंवा शेततळ्यात उतरवू नका. शुद्ध हरपलेला माणूस क्षणात बुडतो.

५. तोंडात पाणी घालू नका, बोलणं नीट होईपर्यंत. ते श्वासनलिकेत जातं. चप्पल किंवा कांदा हुंगवत बसू नका. पॅरासिटामॉल देऊ नका. हा तापाचा आजार नाही, गोळीनं उतरत नाही.

६. उलटी किंवा झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाणी ओतणं चालू ठेवा.

७. माणूस नीट बोलू लागला, कुडकुडू लागला, किंवा पंधरा-वीस मिनिटं झाली, की न्या. वाटेतही खिडक्या उघड्या आणि अंगावर ओलं कापड. बरा वाटला तरी दवाखान्यात न्यायचंच. यकृत आणि मूत्रपिंडाचा त्रास एक-दोन दिवसांनी दिसू शकतो. रुग्णवाहिका आधी आली तर किती वेळ पाणी घातलं आणि कोणती गोळी चालू होती, हे त्यांना सांगा.

## टप्पा १०: पुन्हा कामावर

नुसती घेरी येऊन बरा झालेला माणूस किमान दुसरा दिवस विश्रांती घेईल, मग सुट्टीवरून आलेल्या माणसाच्या प्रमाणात, म्हणजे ५० टक्क्यांपासून.

उष्माघात झालेल्यानं किमान आठवडाभर कसलंच जड काम किंवा व्यायाम करायचा नाही. त्यानंतर डॉक्टरांकडून रक्त तपासून परवानगी, आणि मग नव्या माणसाप्रमाणं २० टक्क्यांपासून सुरुवात, आधी सकाळच्या गारव्यात, नंतर उन्हात. पुढचे काही आठवडे त्याला पुन्हा तसं होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून एकट्यानं लांबच्या शिवारात पाठवू नका. त्याच्या जोडीदाराला टप्पा ८ मधले तीन प्रश्न पाठ असू द्या. त्याच टोळीत त्या दिवशी आणखी कोणाला गोळे किंवा चक्कर आली होती का, तेही विचारून घ्या. आली असेल तर उद्याच्या वेळा आणि पाण्याचे जार दोन्ही आजच बदला.